रम्याच्या शेजारी

तुंगाबाई: नंबर फिरवायलीस की त्या फोनचा कान पिळायलीस? स्वल्प हळू, वीणा. आमच्या यजमानांनी वर्षानुवर्षं वाट बघून आणलेला फोन आहे तो.

वीणा: मघापासून एंगेज लागतोय हो, अक्का. सणाच्या दिवशी कोण एवढं बोलत बसतं ह्या विनोदकुमार सरांच्या घरी?

तुंगाबाई: ठेव तो खाली आणि बस. वरच्या मजल्यावरून तू अशी धडाधडा उतरलीस की मला वाटतं गॅस संपला, नाहीतर नवरा आला.

वीणा: नवरा कुठला येतोय. तो वाय-टू-के करतोय. दोन हजार साल उजाडल्याशिवाय काही घरी यायचा नाही तो. अक्का, शाळेच्या नाटकात आमच्या सिद्धीला काय रोल दिलाय माहितीये? काळ्या बाईचा!

तुंगाबाई: कुठली काळी बाई?

वीणा: अहो, परवा सहावीची ट्रिप नव्हती का गेली? फोटोंचं प्रदर्शन होतं, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या इतिहासाचं. मी गेले होते की मुलं सांभाळायला. त्या लोकांना जहाजात कोंबून काय नेलं, बाजारात काय विकलं! गुलामी संपली तरी नळ वेगळे, शाळा वेगळ्या, बसमध्ये जागा मागे. खरं सांगते, रडले मी.

तुंगाबाई: तू कांदा चिरतानाही रडतेस. पुढं?

वीणा: त्यात ती एक रोझा पार्क्स. बसमध्ये तिला म्हणाले, गोऱ्या माणसाला बसायचंय, ऊठ. ती उठलीच नाही. त्यावरून केवढी चळवळ झाली! तर ह्या सरांनी त्याचं नाटक बसवलंय, उद्या असेंब्लीत. आणि ती बाई म्हणजे आमची सिद्धी. मला आत्ता कळलं, पोरगी माझी जुनी पर्स मागायला आली तेव्हा.

तुंगाबाई: मग झकास झालं की. मेन रोल, आणि तोही बसून.

वीणा: पण सगळ्या वर्गातून हिलाच का? माझी मुलगी काळी आहे का, अक्का?

तुंगाबाई: छे ग. आपल्या लोकांत काळी मुलगी जन्मालाच येत नाही. गव्हाळ येते. फारच झालं तर सावळी. लग्नाच्या जाहिरातीत निमगोरी.

वीणा: चेष्टा करू नका. तिला नुसतं टॅन झालंय, बास्केटबॉलमुळे. मी रोज साय आणि बेसन लावते तिला.

तुंगाबाई: ठाऊक आहे. माझी खालची मोरी तुंबते त्यानं. आणि तुझ्या अंगावर काय आहे हे आज? सणासुदीला काळं पातळ?

वीणा: संक्रांतीला आम्ही काळंच नेसतो. थंडीत ऊब येते म्हणून. परंपरा आहे आपली.

तुंगाबाई: आमच्या घरीही नेसत असतील कोणे एके काळी. आता इथं बेंगळूरमध्ये सणाला काळं नेसून गेलीस तर लोक विचारतील, कोण गेलं? बरं, म्हणजे पातळ काळं चालतं. कातडी तेवढी नको.

वीणा: तुम्ही ना! मी असली नाहीये हो. तिथे एक अमेरिकन बाई आल्या होत्या, स्वतः काळ्या, शाळेत शिकवतात तिकडे. त्याच सगळं समजावून सांगत होत्या. इतक्या गोड, इतक्या स्मार्ट. काळी असूनसुद्धा काय ग्रेस होती त्यांना!

तुंगाबाई: असूनसुद्धा.

वीणा: म्हणजे... तसं नाही. मी त्यांना मिठी मारली, अक्का. सगळ्यांसमोर. शेवटी त्यांनी मुलांना विचारलं, तुमच्याकडे असं काही असतं का? तर सिद्धीच्या वर्गातला मल्हार लगेच हात वर करून म्हणाला, नो मॅडम, इन इंडिया वी आर ऑल इक्वल. आम्ही सगळ्या पालकांनी टाळ्या वाजवल्या.

तुंगाबाई: आणि ती बाई?

वीणा: हसल्या नुसत्या. पाणी प्यायल्या. मग मीही दोन शब्द बोलले. म्हटलं, माणसाचा रंग बघायचा नाही, मन बघायचं. आणि इथून बाहेर पडताना प्रत्येकानं एक नवी मैत्री घेऊन जायची. ती कल्पना शाळेचीच होती तशी. दोघादोघांच्या जोड्या लावल्या होत्या, कधी एकमेकांशी न बोललेल्या मुलांच्या. दिवसभर एकत्र बघायचं, एका सीटवर बसायचं, डबा वाटून खायचा.

तुंगाबाई: छान की. आपल्या सिद्धीला कोण मिळालं?

वीणा: रम्या म्हणून आहे एक. बरी आहे, शांत आहे. पण अक्का, ती खरी काळी. कढईच्या बुडासारखी. मग तिला सोडून माझ्या मुलीला रोल देतात म्हणजे काय?

तुंगाबाई: रम्या. बापाचा पीण्या इंडस्ट्रियल एरियात लेथचा कारखाना, ती?

वीणा: असेल. असंच काहीतरी. आपल्यातली नाही, इथलीच आहे. तुम्ही ओळखता?

तुंगाबाई: बेंगळूरमध्ये रम्या काय एक आहे का? बोल, बोल. पुढं बोल तू.

वीणा: पुढे काय! उद्या असेंब्लीत फोटो काढणार. ते फोटो पुण्याला पाठवावे लागणार. सिद्धी झाली तेव्हा सासूबाईंनी दुपटं बाजूला केलं आणि पहिलं वाक्य काय बोलल्या? रंग तेवढा आमच्या घरचा घ्यायचा होता. टाके होते मला, अक्का. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. अजून तो दवाखान्याचा वास आला तरी मला रडू येतं.

तुंगाबाई: मेली जीभ म्हणायची त्या बाईची. मला बघायला आले तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीला आत कोंडून ठेवलं होतं, माहितीये? ती गोरी. पाहुण्यांची नजर तिच्यावर पडली तर मला कोण करून घेणार म्हणून. कांदेपोहे मी दिले आणि खोकत होती ती, आतून. पाहुणे विचारायले, आत कोण आहे? आमचे वडील म्हणाले, म्हैस.

वीणा: अय्या! खरंच?

तुंगाबाई: आता हसतेस. तेव्हा मी हसले नव्हते.

वीणा: मग तुमच्या विश्वेश्वरसाठी तुम्ही कशी सून आणलीत?

तुंगाबाई: गोरी.

वीणा: बघा!

तुंगाबाई: लाख गोरी. सांबारात मीठ किती घालायचं ते अजून कळत नाही तिला. सरी, मान्य. मीही त्यातलीच. पण मी निदान भाषण तरी दिलं नाही. लाव फोन, लाव.

वीणा: लागला! हॅलो, विनोदकुमार सर? सिद्धीज मदर हिअर. हॅपी संक्रांती, सर. अबाउट द ड्रामा... नो नो, व्हेरी गुड ड्रामा, ओन्ली द रोल इज नॉट सूटेबल. शी इज नॉट दॅट कॉम्प्लेक्शन, सर. यू गिव्ह टु रम्या. येस. शी इज नॅचरल... ओह, तिला विचारलं होतं? शी सेड नथिंग? सर, नथिंग मीन्स येस. चिल्ड्रन आर शाय. यू टेल हर... थँक यू, सर. थँक यू सो मच. ...सुटले बाई.

तुंगाबाई: झालं?

वीणा: झालं. लगेच ऐकलं त्यांनी. म्हणाले, मलाही तीच हवी होती, तिला मेकअप लागत नाही.

तुंगाबाई: वा. मास्तर असावा तर असा. ती बघ, तुझी लेक आली फाटकावरून. काय ग सिद्धी, दुपारपासून त्या फाटकाला काय लोंबकळायलीस?

सिद्धी: कोणी आलं का, अज्जी? माझ्यासाठी?

तुंगाबाई: नाही बाळ. कोण येणार होतं?

सिद्धी: रम्या. एळ्ळु-बेल्ल घेऊन येणार होती, इथला तिळगूळ. परवा बसमध्ये तिनं प्रॉमिस केलं होतं. जाताना. तिची आजी ते खोबऱ्याचे इतके बारीक तुकडे करते म्हणाली, तांदळाएवढे. मी तिला हलव्याचे दागिने दाखवणार होते.

वीणा: ये इकडे, सोनू. गुड न्यूज आहे. मी सरांना फोन केला. तुला ते काम करायला नको. रम्या करणार.

सिद्धी: काय?

वीणा: अगं, तिला सूट होतं ते. तू सूत्रधार हो की. तुझं इंग्लिश किती छान आहे.

सिद्धी: आई, तू असं का केलंस? मला विचारलं पण नाहीस! मी हात वर करून मागून घेतलं होतं ते काम!

वीणा: मागून? काळी व्हायचं काम मागून घेतलंस?

सिद्धी: सर काल वर्गात आले आणि कोणाला काही न विचारता म्हणाले, रम्या, यू डू इट, फॉर यू नो मेकअप. सगळे हसले. ध्रुव तर बाकावरून खाली पडला हसून. ती काहीच बोलली नाही. नुसती पट्टीनं बाक खरवडत बसली. म्हणून मी हात वर केला. म्हटलं, सर, मी करते. सर माझ्याकडे बघून म्हणाले, सरी, यू विल ऑल्सो डू, थोडं काजळ फासू.

तुंगाबाई: हे ते मास्तर प्रदर्शन बघून आल्यावर म्हणाले?

सिद्धी: तिकडून आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी, अज्जी.

वीणा: अगं, पण तू कशाला मधे पडायचं? एका दिवसाची तर मैत्री तुमची.

सिद्धी: कारण परवा मी तुझं ऐकलं होतं.

वीणा: माझं? काय ऐकलंस?

सिद्धी: पायऱ्यांवर ग्रुप फोटो होता तेव्हा. तू लांबून ओरडलीस, सिद्धी, त्या रम्याच्या शेजारी उभी राहा, फोटोत उजळ दिसशील.

तुंगाबाई: अय्यो देवा.

वीणा: मी... अगं, ते मी मराठीत म्हणाले! तिला काय कळतंय? तिथे मराठी कोणाला येतं?

सिद्धी: आई, ती घरी मराठीच बोलते.

वीणा: कोण?

सिद्धी: रम्या. मला पण माहीत नव्हतं. आम्ही सकाळपासून इंग्लिशच बोलत होतो. मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले. फोटो काढला. मग ती माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, झालीस का उजळ?

वीणा: बापरे.

सिद्धी: परत येताना आमची सीट एकच होती ना? ती त्यावरून उठली आणि मागे जाऊन एकटी बसली. शेवटच्या सीटवर. ते सगळे फोटो बघून आल्यावर, आई! तिला कोणी ऊठ म्हटलं नव्हतं. आणि मी तिथेच बसून राहिले, माझ्या खिडकीत. सॉरीसुद्धा म्हणाले नाही.

वीणा: पण तिचं नाव रम्या, चेहरा असा... मला कसं कळणार? हे पुणं आहे का?

तुंगाबाई: नाही, पुणं नाही. म्हणूनच स्वल्प सांभाळून बोलावं. तुम्ही नवे लोक बेंगळूरला आलात आणि तुम्हाला वाटायला लागलं, मराठी म्हणजे कुलूप लावलेली खोली आहे, आत काहीही बोला. चिकपेटात भाव करताना साड्यांवर, दुकानदारावर, त्याच्या पोटावर बिनधास्त मराठीत बोलता. आमचा विश्वेश्वर गल्ल्यावर बसून सगळं ऐकतो आणि घरी येऊन आम्हाला नक्कल करून दाखवतो. ती रम्या हणमंतरावांची नात आहे. तुमच्या कंपनीचा पाया खणला नव्हता, तेव्हापासून ते इथले. त्यांच्या घरून दर संक्रांतीला माझ्याकडे ताट येतं.

वीणा: म्हणजे तुम्ही ओळखता तिला! मघाशी कारखान्याचं विचारलंत ते... अक्का, मग मला बोलला का नाहीत?

तुंगाबाई: तू इतकी रंगात आली होतीस. म्हटलं, बघू तरी कुठवर जाते.

वीणा: आणि घर देताना तुम्ही आधी आडनाव विचारलंत, मग गोत्र, मग डिपॉझिट. मला काय सांगता!

तुंगाबाई: विचारलं. नाही कुठं म्हणते मी? सांगितलं ना, मी भाषण दिलं नाही.

सिद्धी: म्हणजे भाषण नाही दिलं की चालतं, अज्जी?

तुंगाबाई: हे बघ...

सिद्धी: तुम्हाला माहीत होतं ती कोण आहे. आईनं तुमच्यासमोर सरांना फोन केला, रम्याला द्या म्हणून. तुम्ही थांबवलं का नाही?

तुंगाबाई: गंमत बघायली होते ग, तुझ्या आईची.

सिद्धी: पण ते काम तर रम्याला करावं लागणार ना? उद्या सगळी शाळा हसेल तिला. मग गंमत कोणाची झाली?

तुंगाबाई: ...सरी. चुकलं माझं. म्हातारीनं जीभ चालवायची तिथं गप्प बसले, आणि गप्प बसायचं तिथं चालवली. वीणा, उचल तो फोन.

वीणा: आता? अहो, आत्ताच तर मी त्यांना... काय सांगू? मला वेड लागलं म्हणून सांगू?

तुंगाबाई: ते त्यांना कळलंच असेल. उचल.

सिद्धी: आई, प्लीज. ती आता कधीच बोलणार नाही माझ्याशी. प्लीज.

वीणा: बरं, बरं, रडू नकोस. ...हॅलो, सर? येस, अगेन सिद्धीज मदर. सर, नॉट रम्या. सिद्धी विल डू... येस, आय सेड नॉट सूटेबल. नाउ शी इज सूटेबल... नो सर, इन फाइव्ह मिनिट्स शी डिड नॉट गो इन द सन... येस. येस, शी इज डार्क. माय डॉटर इज डार्क, सर. इनफ डार्क. व्हॉट?... नो काजळ! नो काजळ फॉर एनीबडी!... आणि सर, दॅट नो-मेकअप जोक. यू प्लीज डोन्ट मेक इट अगेन. आय ऑल्सो मेड वन. व्हेरी बॅड जोक, सर. हॅपी संक्रांती.

तुंगाबाई: आपटू नकोस, आपटू नकोस! फोन आहे तो.

वीणा: सांगितलं. माझी मुलगी काळी आहे असं स्वतःच्या तोंडानं सांगितलं मी. झालं समाधान?

सिद्धी: काळी आहे म्हणून करायचं नव्हतंच ग आई मला ते काम.

वीणा: मग आता आणखी काय सांगायला हवं होतं?

तुंगाबाई: जाऊ दे, सिद्धी. एका दिवसात एवढंच पचतं. बाकीचं उद्या.

(दारावरची घंटी वाजते.)

सिद्धी: अज्जी, तीच आहे! ताट आहे तिच्या हातात. मी नाही जात पुढे. तुम्ही उघडा ना.

तुंगाबाई: बा, रम्या, बा. ये आत. उशीर केलास आज.

रम्या: नमस्कार, अज्जी. आजीनं एळ्ळु-बेल्ल दिलंय. आणि ऊस.

वीणा: हाय, रम्या! कम, कम! हॅपी संक्रांती! ओ माय गॉड, यू आर लुकिंग सो ब्यूटिफुल! सो प्रिटी स्कर्ट!

रम्या: थँक्स, काकू. आजीनं शिवलाय.

तुंगाबाई: आजी बरी आहे ना? मला वाटलं, ह्या वर्षी ताट येतंय की नाही.

रम्या: मी येणार नव्हते. म्हटलं, दादाला पाठव. आजीनं विचारलं, का ग? मग सांगितलं सगळं.

तुंगाबाई: काय म्हणाली?

रम्या: म्हणाली, तुंगाच्या घरी आपण तिच्या सासूच्या वेळेपासून जातोय. वरच्या भाडेकरणीसाठी कशाला बंद करायचं? जा आणि ताठ मानेनं जा.

वीणा: रम्या... बेटा, परवा मी... आय मीन...

सिद्धी: आई, थांब. मला आधी बोलू दे. रम्या, सॉरी. मला तिथे उभं राहायचं नव्हतं. म्हणजे राहायचं होतं, पण त्यासाठी नाही. आणि बसमध्ये मी मागे यायला पाहिजे होतं. मला यायचं होतं, खरंच. मला लाज वाटली.

रम्या: मी बघत होते, येतेस का. पार शाळेचं गेट येईपर्यंत बघत होते.

सिद्धी: उद्याचं काम मीच करणार आहे. सरांना परत सांगितलं. काजळ पण नाही लावायचं.

रम्या: मला माहितीये तू काल हात का वर केलास ते.

सिद्धी: मग बोलली का नाहीस माझ्याशी?

रम्या: राग आला होता. अजून पण आहे, थोडा. ती बाई उठत नाही ना शेवटपर्यंत?

सिद्धी: नाही. पोलीस येतात तरी नाही.

रम्या: मग उद्या सकाळी आपल्या बसमध्ये माझी जागा धरून ठेव. पुढची. खिडकी मला.

सिद्धी: धरते! ध्रुवनं हाकललं तरी उठणार नाही. घे ना, हा हलव्याचा हार तुझा. घाल की. आई, बघ किती छान दिसतो तिला!

वीणा: हो. फारच... छान दिसतो.

तुंगाबाई: बघ, दोन शब्दांत जमतं की तुला. रम्या, तुझ्या ताटात अजून एक पुडी राहिली ना? कोणाची?

रम्या: ह्यांची. आजी म्हणाली, वरच्या बाईलापण दे, हातात दे आणि म्हणायचं ते म्हण. काकू, हात पुढे करा.

वीणा: थँक यू, रम्या. थँक यू सो...

रम्या: तिळगूळ घ्या, काकू. गोड बोला. मराठीतसुद्धा.